कृत्रिम सांध्यावरील अदृश्य लेप



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्याचा एक विषय विचारार्थ मांडला जात आहे. पोहरादेवी, मानोरा, कारंजा परिसरातील अनेक ज्येष्ठ मंडळी गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा बसविण्यासाठी अकोला, यवतमाळ, नागपूर गाठतात. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे ऑक्टोबर २००० व जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले, तेव्हा या शस्त्रक्रियेची चर्चा घरोघरी झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. बहुतेकांना या शस्त्रक्रियेने नवे पाय लाभतात. परंतु शंभरांतील एक-दोघांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. त्याचे मूळ आहे ‘बायोफिल्म’, अर्थात जिवाणूंचा चिकट लेप.

या लेपाची पहिली ओळख एका कापड व्यापाऱ्याने करून दिली, हे येथील व्यापारी बांधवांना कौतुकाचे वाटेल. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक यांचा व्यवसाय कापडाचा. स्वतः घडविलेल्या भिंगांतून त्यांनी १६८३ च्या सुमारास दातांवरील किटण तपासले, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. व्हिनेगारने दात धुतल्यावर वरवरचे जीव मेले, थराच्या आतले मात्र जगले. आजच्या वैद्यकाची अडचण नेमकी हीच आहे.

धातू वा प्लॅस्टिकचा भाग शरीरात जाताच त्यावर रक्तातील प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्यानंतर जागा धरण्याची चढाओढ सुरू होते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा हा प्रकार! शरीराच्या पेशी आधी पोहोचल्या तर सांधा सुरक्षित राहतो. त्वचेवर नित्य वसणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू आधी पोहोचले तर ते चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. आतील जिवाणू मंदगतीने, जणू सुप्तावस्थेत जगतात. वाढत्या जिवाणूंवर प्रभावी ठरणारी औषधे तेथे निष्प्रभ होतात. मोकळ्या जिवाणूंच्या तुलनेत लेपातील जिवाणू हजारपटीपर्यंत मात्रा सहन करू शकतात. शिवाय धातूला रक्तपुरवठा नसल्याने शरीराचे संरक्षक दलही तेथे दुबळे पडते.

म्हणूनच काळाचे मोल मोठे आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत संसर्ग उघड झाल्यास जखम उघडून, धुऊन, प्लॅस्टिकचा भाग बदलून मूळ सांधा पुष्कळदा वाचविता येतो. लेप पक्का झाल्यावर बहुधा सांधाच काढावा लागतो. काही आठवडे औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवून पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो. वृद्धाच्या देहाला व कुटुंबाच्या मिळकतीला हा भार जड जातो.

प्रतिबंध हाच श्रेष्ठ उपाय. इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात शुद्ध हवेच्या शस्त्रक्रियागृहासारख्या उपायांनी संसर्गाचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणले. रुग्णाचा वाटाही तितकाच मोलाचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह आटोक्यात आणावा, किडलेले दात, त्वचेवरील फोड, पायांच्या भेगा यांवर उपचार करावेत, तंबाखू सोडावी.

घरी परतल्यावर जखमेतून पाणी झिरपले, लाली वा वेदना वाढली, ताप आला, तर ज्या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केली त्याच्याकडे विनाविलंब जावे. अंतर लांब म्हणून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून परस्पर घेऊ नये. त्या गोळ्यांनी वरवरचे जिवाणू मरतात, ताप उतरतो, तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि आत लेप पक्का होत राहतो. तात्पुरता उतार हाच येथे खरा धोका असतो.

बंधू-भगिनींनो, ज्येष्ठांची सेवा म्हणजे केवळ पाय चेपणे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या जखमेकडे नित्य पाहणे आणि शंका येताच त्याच दिवशी गाडी जोडणे, हीसुद्धा सेवाच होय. प्रत्येक घराने एवढे जपले, तर आजच्या विचारमंथनाचे सार्थक होईल. जय जिनेंद्र!