उसनी कातडी, उगवलेली कातडी



८ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या निगडीला खेटून असलेल्या तळवड्यात, केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली. सहा कामगार त्याच दिवशी गेले. गंभीर भाजलेल्यांना पुण्याला ससून रुग्णालयात हलवले, आणि नंतरच्या दिवसांत मृतांचा आकडा वाढतच राहिला. आगीतून जिवंत बाहेर काढलेला माणूस चार-आठ दिवसांनी का जातो? कातडी गेलेल्या अंगातून पाणी सतत झरत राहते आणि जंतूंना आत शिरायला आडकाठी उरत नाही. म्हणून मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, कातडी पुन्हा उगवण्याचा विषय या कारखान्यांच्या पट्ट्यात निव्वळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

कातडीच्या शस्त्रक्रियेत पुण्याचे नाव जुने आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि नाक गमावून परतला. पुण्याजवळ वीट पाडणाऱ्यांपैकी एका कारागिराने मेणाचा पातळ पत्रा त्याच्या नाकाच्या जागी बसवून पाहिला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ ओढली, तेवढी कातडी कापली आणि भुवयांमधला देठ न तोडता खाली वळवली. देठातून रक्त मिळत राहिले, म्हणून कातडी जगली. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनात तीच शस्त्रक्रिया केली. कावसजीची शस्त्रक्रिया बघणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे इतिहासात आहेत. ज्याने हात चालवला त्याचे नाव कुणी टिपले नाही.

पण ही एका जागेची कातडी दुसऱ्या जागी नेण्याची विद्या. नव्वद टक्के अंग भाजलेल्याची कातडी आणायची कुठून?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच अंगात असते. बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात आणि केसांच्या मुळांशी मूलपेशी असतात. त्या नव्या पेशी पुरवतात म्हणून साधारण महिन्याभरात वरची कातडी बदलून जाते. १९७५ मध्ये अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. खाली अंथरायला उंदराच्या पेशी, त्याही किरणांचा मारा करून वाढ थांबवलेल्या. १९८३ मध्ये ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना बॉस्टनमध्ये अशाच कातडीने वाचवले.

त्याहून थक्क करणारी घटना जर्मनीतल्या बोखुमची. एका जनुकातल्या दोषामुळे सात वर्षांच्या सीरियन मुलाची कातडी नुसत्या स्पर्शाने सुटत होती. जवळजवळ ८० टक्के गेलीच. २०१५ मध्ये त्याच्या जांघेतून चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा इटलीत मोदेनाला, मिकेले दे लुका यांच्याकडे गेला. तिथे त्या पेशींत निरोगी जनुक घातले, त्यांचे मोठे पापुद्रे वाढवले आणि ते मुलाच्या अंगावर बसवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो घरी गेला. पुढे तपासणीत दिसले की ती सगळी कातडी थोड्याशा दीर्घायुषी मूलपेशींच्या जिवावर तगून आहे.

इथवर ऐकून टाळ्या वाजतात. अडचण पुढे आहे. पापुद्रा वाढायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर रुग्ण जगायला हवा. शिवाय तो पापुद्रा नाजूक. खाली अंतस्त्वचा नसेल तर धड चिकटत नाही, आणि घाम किंवा केस त्यातून येत नाहीत. १९८६ मध्ये येल विद्यापीठातल्या चार्ल्स क्युओनो यांनी वाट काढली: आधी मृत दात्याची कातडी जखमेवर लावायची, ती रुजली की तिचा वरचा थर काढून टाकायचा आणि उरलेल्या अंतस्त्वचेवर रुग्णाच्या पेशींचा पापुद्रा बसवायचा. म्हणजे उगवलेल्या कातडीलाही आधी उसनी कातडी लागते.

ही उसनवारी महाराष्ट्रात होते. देशातली पहिली त्वचापेढी २००० साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ इथून फक्त वरचा पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये, थंडाव्यात ठेवलेली कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते. देहाचे विद्रूपीकरण होते ही भीती फुकाची आहे.

दुसरीकडे ‘स्टेम सेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक क्रीममध्ये सफरचंदासारख्या वनस्पतींच्या पेशींचा अर्क असतो. अशा डब्यांवर पैसे उधळू नयेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसाठीचे मोजके मान्य उपचार सोडले, तर मूलपेशी रुग्णाला द्यायच्या त्या मान्यताप्राप्त चाचणीतच.

तेव्हा निगडी, तळवडे, भोसरी, चाकण इथल्या प्रत्येक कारखान्याने सुरक्षा सप्ताहात अग्निशामक नळकांड्याच्या प्रात्यक्षिकासोबत त्वचादानाची माहिती द्यावी, जवळच्या त्वचापेढीचा फोन नंबर सूचनाफलकावर लावावा. आणि इथे बसलेल्यांनी आज घरी गेल्यावर आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवावी. सहा तासांत फोन त्यांनाच करायचा आहे.