आधी जंतूला विचारा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, यावर डॉक्टरांनी बोलावे. ते खरेच आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला, वर्गात मराठी आणि इतिहास शिकवणारा शिक्षक. परंतु माझ्याच घरात, माझ्याच हातून झालेल्या एका चुकीने हा विषय मला शिकवला. ती चूक आपल्या घरी होऊ नये म्हणून मी उभा आहे.

माझ्या आईला लघवीला जळजळ होऊन ताप येत असे. पहिल्या वेळी डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तिला बरे वाटले आणि उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या. दुसऱ्या वेळी त्याच बाहेर काढल्या. तिसऱ्या वेळी जुनी चिठ्ठी दाखवून मीच दुकानातून चार गोळ्या आणल्या. शिकलेला मुलगा ना मी! चौथ्या वेळी, ऐन पावसाळ्यात, मध्यरात्री तिला हुडहुडी भरली आणि ती तापात बरळू लागली. पहाटे मी डब्यातली गोळी दिली आणि गाडी करून तिला अलिबागला नेले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी काही औषध दिले का?" मी गोळीचे नाव सांगितले. ते म्हणाले, "नमुना घेण्याआधी गोळी पोटात गेली की जंतू दबतो आणि तपासणी फसू शकते." त्यांनी आधी लघवीचा नमुना घेतला, मगच इंजेक्शन सुरू केले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. औषधांच्या नावांपुढे इंग्रजी अक्षरे होती, काहींपुढे 'एस', काहींपुढे 'आर'. मी तीनदा आणि त्या पहाटे चौथ्यांदा दिलेल्या गोळीपुढे 'आर' होते. सुरू असलेल्या इंजेक्शनापुढेही 'आर'च होते. डॉक्टरांनी औषध बदलले आणि दोन दिवसांत ताप उतरला. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. तो अहवाल आला नसता तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

ही अक्षरे येतात कुठून, ते आता पाहू. प्रयोगशाळेत काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट झाकणाच्या ताटलीत जंतूंचे खाद्य थिजवलेले असते. ते थिजवण्यासाठी अगार वापरतात. आपल्या माताभगिनींना हा पदार्थ चांगला ओळखीचा आहे, कारण रमजानात आपण ज्या चायना ग्रासचे पुडिंग करतो, तेच हे अगार. ते समुद्रातील शेवाळापासून निघते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरीत आणि ते उष्णतेने पातळ होई. 1881 च्या सुमारास तेथे काम करणारे वाल्टर हेस यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकातले अगार सुचवले. स्वयंपाकघरातली ती युक्ती आजही जगभर चालू आहे.

नमुना त्या ताटलीवर पसरून शरीराच्या उष्णतेइतक्या ऊबेत रात्रभर ठेवतात. लघवीच्या विकारात बहुधा सापडणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत सुमारे 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. या हिशोबाने 10 तासांत एकाचे 107 कोटींहून अधिक होतात. म्हणूनच डोळ्यांना न दिसणारा जंतू सकाळी ठिपक्यांच्या रूपात दिसतो. त्याची ओळख पटवून तो दुसऱ्या ताटलीवर सारखा पसरतात आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या, 6 मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, म्हणजे तेथे जंतू वाढू शकला नाही. काही चकत्यांना मात्र जंतू अगदी खेटून वाढलेला असतो. वर्तुळ पट्टीने मोजून तक्त्याशी ताडतात. औषध चालेल तर 'एस', चालणार नाही तर 'आर', आणि मधली स्थिती असेल तर 'आय'. ही पद्धत बॉअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली अमेरिकेत निश्चित करून दिली. पुष्कळ ठिकाणी आता हेच काम यंत्रे करतात, पण तत्त्व तेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण म्हणतो, "अंगाला औषधाची सवय झाली." सवय अंगाला होत नाही. कोट्यवधी जंतूंत थोडे चिवट असतात. औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. ते घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही जाऊ शकतात. म्हणजे माझ्या डब्यातल्या गोळीची किंमत शेजाऱ्याच्या मुलालाही मोजावी लागेल. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेविषयी इशारा दिला होता. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले ते 1955 साली, म्हणजे इशारा औषधाच्या आधीच आला होता.

क्षयरोगात हे फार भयंकर रूप घेते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली धारावी भागातील 106 डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. क्षयाच्या रुग्णाला काय द्याल, या प्रश्नाला 63 वेगवेगळी उत्तरे आली आणि बरोबर चिठ्ठी फक्त 6 जणांनी लिहिली. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पुढे असे चार रुग्ण आढळले की, तपासलेल्या सर्व औषधांपुढे त्यांचा जंतू 'आर' ठरला. 2012 च्या जानेवारीत ही बातमी देशभर गाजली. त्या प्रकाराला कोणते नाव द्यावे यावर वाद झाला, पण रुग्णांच्या हालांविषयी वाद नव्हता. क्षयाचा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे त्याच्या तपासणीला पूर्वी कित्येक आठवडे लागत. आता सीबीनॅट यंत्राने सुमारे दोन तासांत क्षय आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, हे कळते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर लाज न बाळगता जावे.

पालकांना माझी काही कळकळीची विनंती आहे. उरलेल्या गोळ्या जपून ठेवू नका. आखातातून सुटीवर आलेल्यांच्या बॅगेतल्या पट्ट्या वाटून घेऊ नका. ज्या पट्टीवर लाल रेघ आहे, ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. साध्या सर्दीपडशाला अँटिबायोटिकचा आग्रह धरू नका, ते विषाणूवर चालत नाही. प्रत्येक तापाला ही तपासणी लागते असेही नाही. पण दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना अदबीने विचारा, "औषधाआधी नमुना तपासायचा का?" आजार गंभीर असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतील आणि अहवाल आल्यावर गरज पडल्यास बदलतील. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, नाहीतर वाटेत दुसरेच जंतू वाढतात. मुरुड-श्रीवर्धनकडून एस.टी.ने जायचे तर तेवढा वेळ सहज जातो. आपण किनाऱ्यावरची माणसे, पापलेट बर्फाशिवाय पाठवत नाही. तो नमुनाही थंड ठेवून न्यावा, मात्र गोठू देऊ नये.

आणि मुलामुलींनो, ती वर्तुळे मोजणारा माणूस आईच्या खाटेपाशी कधी आला नाही. त्याचे नावही आम्हाला ठाऊक नाही. पण आमची आई आज अंगणात बसून नातवंडांना रागावते, त्यात त्याचा वाटा आहे. बारावी विज्ञानानंतर प्रयोगशाळा तंत्राचा पदविका अभ्यासक्रम, म्हणजे डी.एम.एल.टी., करता येतो. सर्वांनाच डॉक्टर होता येणार नाही. पण हातात पट्टी घेऊन प्रामाणिकपणे मिलिमीटर मोजणारी मुलगी आपल्या तालुक्यात असेल, तर मध्यरात्री गाडी शोधणाऱ्या कितीतरी मुलांच्या आया वाचतील. आपल्या शाळेतून अशी एक मुलगी निघावी, एवढीच दुआ करून मी आपली रजा घेतो.