भयावर श्रद्धेचा जय
(खांब येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या युवक शाखेने येत्या दिवाळीनंतर डोंगरातील एका आदिवासी वाडीवर आठ दिवसांची सेवायात्रा नेण्याचे योजिले आहे. बंधारा घालणे, शाळेची डागडुजी करणे आणि रात्री वाडीकरांसमवेत बसणे, असा तिचा साधा कार्यक्रम आहे. मुलामुलींनी उत्साहाने नावे दिली. पालकांची संमतिपत्रे मात्र थोडीच आली. न आलेल्या त्या पत्रांविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

आरंभी माझाच दोष सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझी कन्या अशाच एका यात्रेस निघाली होती. पिशवी भरून ती दारात उभी असता मी तिला थांबविले. कारण विचारले, तेव्हा मला एकही नीट सांगता आले नाही. तिने कपडे मुकाट्याने पुन्हा कपाटात ठेवले आणि त्यानंतर मजजवळ कशाचीही अनुज्ञा मागितली नाही.

आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १९५१ साली ते सशस्त्र संघर्षाने होरपळलेल्या तेलंगणात पायी गेले. हैदराबादच्या तुरुंगातील साम्यवादी बंदींना ते भेटले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली, आणि गावच्याच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो हा. भीतीने ती वाट टाळली असती, तर त्या सभेत मागणाराही उभा राहता ना आणि देणाराही.

कोणी म्हणेल, ते तर संत होते. पण १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांच्या भारत जोडो यात्रेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघालेली मुलेमुली आपल्यासारख्याच घरांतली होती. पंजाब तेव्हा दहशतवादाने पोळत होता. पाठीच्या व्याधीमुळे बाबांना बसताही येत नसे. तरी सत्तरी ओलांडलेले बाबा त्यांच्या बरोबर होते.

तथापि श्रद्धा म्हणजे अविचार नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणूनच यात्रा पावसाळ्यानंतर ठेवली आहे. सर्पदंशावरील लस कोणत्या रुग्णालयात मिळते याची चौकशी करावी, मुलींसमवेत दोन वडीलधाऱ्या भगिनी असाव्यात, आणि वाडीकरांस आपले येणे हवे आहे की नाही हे आधी त्यांनाच विचारावे. ज्या भयाला नाव आहे, त्यावर उपाय आहे.

उरते ते निनावी भय. मुले परक्यांच्या घरी जेवतील, परक्यांत मिसळतील, हे कोणी उघड म्हणत नाही. पण पुष्कळांच्या मनात ते आहे. बंधूंनो, ज्ञातीचे मंडळ घराप्रमाणे असावे. घराला भिंती लागतात, तसेच दारही लागते. कातकरी मावशीने वाढलेली भाकरी आपल्या मुलांनी आनंदाने खाल्ली, तर आपली ज्ञाती उणी होणार नाही. तिची मान उंच होईल.

यंदाच्या यादीत मला माझ्या कन्येचे नाव दिसले. तिने मला विचारलेले नाही. या सभेपूर्वी मीच चिटणीसांकडून संमतिपत्र मागून घेतले आणि त्यावर सही केली. उरलेली पत्रे व्यासपीठाशेजारच्या मेजावर आहेत. घरी जाण्यापूर्वी आपण तिकडे जावे, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.