ओढ घेणाऱ्या घोड्याला लगाम कोणता घालावा?



माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे माणसांना न्यायला घोडा लागतो. महाबळेश्वर-पाचगणीलाही कितीतरी घरांची चूल घोड्यावर चालते. आम्ही अशाच घरांतल्या बाया. घोडा घेऊन रस्त्यावर बहुतेक पुरुषच जातात, पण दाणा-चारा, खरारा आणि सामानाचा खर्च आपल्याच हाती असतो. म्हणून आज लगामाविषयी बोलू या.

घोडा ताकदीचा आहे, उतारावर ओढ घेतो, घराकडे तोंड वळलं की थांबत नाही. असं झालं की कुणीतरी सांगतं, "काटेरी लगाम घाला, मुकाट चालेल." बायांनो, ते ऐकू नका. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लगामाचं लोखंड, म्हणजे कडियाळी, तिथे आणि जिभेवर बसते. ती हिरडी पातळ असते आणि खाली लगेच हाड. काटा तिथे रुतला की जखम होते आणि घोडा दुखण्यापासून पळायला बघतो. म्हणजे आणखीच ओढतो. वर मुलं बसलेली असतात, हे विसरू नका. शिवाय १९६५ सालापासून आपल्या देशात काटेरी लगामाला नियमाने बंदी आहे.

लगाम बदलण्याआधी तोंड बघा. ओठांचे कोपरे फाटलेत का? जिभेवर चट्टे आहेत का? घास चावताना खाली पडतो का? दाढांना धार आली की गालाला आतून जखमा होतात. वर्षातून एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडून दाढा तपासून, लागल्या तर घासून घ्या. घोडा बांधून ठेवला आणि दाणा भरपूर दिला, तरी तो अंगात आल्यासारखा पळतो. खोगीर टोचत असेल तरी पळतो. अशा वेळी लगाम बदलून काही होत नाही.

आता निवड. साधी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना कड्या असलेली कडियाळी बघा. मधे एकच सांधा असेल तर ती जोरात ओढल्यावर जिभेला चिमटा बसू शकतो. दोन सांध्यांची पुष्कळ घोड्यांना सोसते. दांडी तारेसारखी बारीक नको, बारीक दांडी जास्त रुतते. फार जाडही नको, लहान तोंडात ती मावत नाही. हनुवटीखाली साखळी आणि खाली लांब दांड्या असलेला लगाम पहारीसारखा काम करतो. हाताने थोडं ओढलं तरी जबड्यावर मोठा जोर येतो. नवख्या पर्यटकाच्या हातात तो कधीच देऊ नका.

माप घ्यायला तोंडात सुतळी आडवी धरा. ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जेवढी भरेल, त्याहून दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटीमीटर जास्त ठेवा. लगाम चढवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती दिसावी. कडियाळी दातांवर आपटता कामा नये. सांध्यावर बोट फिरवून बघा, झिजून धार आली असेल तर ती टाकून द्या. थंडीत लोखंड आधी हातात धरून कोमट करा.

घरच्या माणसांनाही सांगा, लगामाला लोंबकळू नका. थोडं ओढायचं, घोडा हळू झाला की लगेच सैल सोडायचं. सतत ओढत राहिलं तर घोडाही उलट ओढायला शिकतो. नवा लगाम आधी मोकळ्या जागेत दोन-चार दिवस वापरा, मगच गिऱ्हाईक बसवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला लगाम घेऊन या. सगळ्या मिळून बघू. काटेरी निघाले तर ते बाजूला काढू आणि नव्यासाठी गटातून पैसे उचलू. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेला कुणी जाणार असेल, तर घोड्याच्या मापाची सुतळी त्यांच्याजवळ द्या.