एक रुपयाची नोट



आजीच्या डब्यात एक रुपयाची जुनी नोट सापडली,
तर आधी तिच्यावरची सही वाचा.
पाच-दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते.
हिच्यावर मात्र वित्त सचिवांची!
कारण ही नोट भारत सरकार काढतं.

१९१७ साली, पहिल्या महायुद्धात, चांदीची चणचण होती.
म्हणून कागदी रुपया आला.
तो इंग्लंडमध्ये छापलेला होता.
नाशिकचा छापखाना नंतरचा.

संग्रह करायचाय?
मग नोट आहे तशी ठेवा.
चिकटपट्टी तर मुळीच नको.
तिचा डिंक कागदात मुरतो,
पिवळा डाग पडतो.
घडी असली, तर असू द्या.

पुन्हा सांगते,
नोट आहे तशीच ठेवा.
धुऊन इस्त्री केलेली नोट जाणकार हातात घेताच ओळखतो,
आणि भाव लगेच उतरतो.