सोळा बटणं, दहा राग



'ऑक्टोपॅड' हा शब्द आमच्या बेलवलीत चौथीतल्या मुलालाही ठाऊक असतो. गणपतीची मिरवणूक उल्हास नदीकडे निघाली, की बेंजो पार्टीच्या गाडीवर एक पोरगा दोन काठ्या घेऊन उभा असतो आणि समोरच्या आठ रबरी चौकटींवर ढोलकी, ताशा, हलगी, पाहिजे ते काढून दाखवतो. नवरात्रात तोच, एखाद्या दर्ग्याच्या संदलला तोच. हे वाद्य घरोघरी पोचवलं ते रोलंड नावाच्या जपानी कंपनीनं. १९७२ साली ओसाका इथं इकुतारो काकेहाशी या गृहस्थांनी ती काढली.

ऑक्टोपॅडच्याही काही वर्षं आधी, १९८० ते १९८२ च्या दरम्यान, याच कंपनीनं दोन यंत्रं बाजारात आणली होती. एक तालाचं, टीआर-८०८. दुसरं खर्जाचं, टीबी-३०३, म्हणजे बेस गिटारच्या जागी वाजणारं. दोघांना एका वायरीनं जोडलं की ती एका लयीत चालतात. आज जगभर तरुण मंडळी ज्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचतात, त्यातलं बरंच काही या दोन डब्यांतून निघालं आहे. या संगीतात जोड्या फार. फ्रान्सच्या 'डाफ्ट पंक' या जोडीचा 'होमवर्क' हा पहिला अल्बम १९९७ चा. दिल्लीच्या गौरव रैना आणि तपन राज यांच्या 'मिडिवल पंडित्झ'चा पहिला अल्बम २००२ चा. शंकर-जयकिशन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला जोडीचं नवल वाटायला नको. पण मला आज ज्या अल्बमविषयी बोलायचं आहे, त्यातली जोडी माणसांची नाही. ती या दोन यंत्रांची आहे. त्यांच्यासमोर बसलेला माणूस मुंबईचा, आणि एकटा.

चरणजित सिंग त्यांचं नाव. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. बेस गिटार, स्टील गिटार, पुढे सिंथेसायझर. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत ते वाजवत असत. अशा वादकाचा हात आपल्या कानाला ओळखीचा असतो, नाव मात्र नसतं. रेडिओवरसुद्धा गायक, गीतकार, संगीतकार एवढं सांगून आम्ही मंडळी थांबतो.

त्या काळात डिस्कोची लाट होती. १९८० साली 'कुर्बानी' आला. १९८१ साली नाझिया आणि झोहेब हसन या पाकिस्तानी भावंडांचा 'डिस्को दीवाने' आला; तीही जोडीच, आणि तोही पहिलाच अल्बम. १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर'. चरणजित सिंग यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं, की सगळीकडे डिस्को चाललंच आहे तर त्यातच काही वेगळं करू, असं त्यांच्या मनात आलं. तबला बंद ठेवायचा, ठोका डिस्कोचा घ्यायचा आणि वर राग वाजवायचे. १९८२ साली एचएमव्हीनं ती तबकडी काढली. नाव लांबलचक : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललित, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं. रागाची वरची सुरावट त्यांनी ज्युपिटर-८ या रोलंडच्याच सिंथेसायझरवर हातानं वाजवली. खाली ती दोन यंत्रं आपली चालत राहिली.

आता या यंत्रांकडे जरा जवळून बघू, कारण गंमत तिथे आहे.

८०८ च्या दर्शनी भागावर खालच्या बाजूला बटणांची एक ओळ आहे. बटणं सोळा. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. ज्यानं कधी तबल्याच्या क्लासात पाऊल टाकलं आहे त्याला हे चित्र सांगावं लागत नाही. चार-चारचे चार विभाग, सोळा मात्रा. जपानी इंजिनिअरच्या डोळ्यांसमोर त्रिताल नव्हता, पाश्चात्त्य चार ठोक्यांचे चार-चार भाग होते. पण बोट ठेवायला जागा तीच सापडते.

३०३ ची तऱ्हा आणखी विचित्र. त्यात सुरावट भरताना स्वर वेगळे भरायचे आणि त्यांचा काळ वेगळा. आधी कोणते स्वर ते सांगायचं, मग कोणता किती टिकणार ते. वादक वैतागले. दोन्ही गोष्टी बोटांतून एकदम येण्याची त्यांना सवय. मला मात्र ही पद्धत ऐकून हसू आलं. गझल लिहायला बसणारा नवशिका हेच करतो. एका कागदावर लगावली, लघु-गुरूंची ओळ. दुसऱ्या कागदावर शब्द. आणि मग एकावर दुसरं बसवण्याची झटापट. बसलं की वाटतं, हे असंच जन्माला आलं असणार.

या ३०३ मध्ये आणखी एक सोय आहे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. इंग्रजीत तिला 'स्लाइड' म्हणतात. आपण काय म्हणू? मींडच म्हणू, किंवा मींडेची चुलत बहीण. हे महत्त्वाचं आहे, कारण रागसंगीतानं पेटीवर जो जुना राग धरला होता, तो याच मुद्द्यावर. पेटीवर स्वर तुटक येतात, मधली वाट बुजते, श्रुती मिळत नाहीत. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते जवळपास तीन दशकं उघडलं नाही. गिटारवाल्याच्या साथीला म्हणून बनवलेला एक चंदेरी डबा पेटीला न जमलेली गोष्ट करतो आणि चरणजित सिंग यांच्यासारख्या स्टील गिटार वाजवलेल्या माणसाच्या कानाला ती लगेच सापडते, यात मला नवल वाटत नाही. स्टील गिटारचा सगळा जीव त्या घसरणीतच असतो.

सगळे राग सारखे जमले आहेत का? नाही. ज्यांत स्वरच पाच, त्या भूप, मालकंस, कलावती, बैरागी यांना ही चौकट मानवते. थोडे स्वर, पुन्हा पुन्हा, घट्ट गुंफलेले. ललित मात्र दोन मध्यमांच्या मधल्या जागेवर जगतो, तोडी कोमल स्वरांच्या आंदोलनावर. तिथे यंत्राची आखीव पट्टी अपुरी पडते, आणि जाणकारांनी नाक मुरडलं तर मी भांडणार नाही. दुसरी उणीव मला जास्त टोचते. डिस्कोत प्रत्येक ठोक्यावर ढोल पडतो. सम आहे, खाली नाही. त्रितालात नवव्या मात्रेवर जो हात हवेत उघडतो, जिथे ताल क्षणभर श्वास घेतो, ती जागाच इथे नाही. नाचणाऱ्याला ती नको असते. ऐकणाऱ्याला हवी असते.

तरीही ही तबकडी आज ऐकवते, याचं कारण मला असं दिसतं, की तिच्यात कुणी कुणाची नक्कल करत नाही. यंत्राला तबला व्हायला लावलेलं नाही आणि सिंथेसायझरला सतार. यंत्र यंत्रासारखं वागतं, राग आपले नियम पाळतो. 'रागाचा आणि जपानी डब्याचा काय संबंध?' असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांचा सूर माझ्या ओळखीचा आहे. गझल मराठीत कशाला, आणि तुम्ही मराठीत कसे, हे दोन्ही मला विचारून झालेलं आहे. उत्तर देण्यापेक्षा पुढची गझल लिहिणं सोपं पडतं.

तबकडी चालली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणं मिळालं नाही, रागवाल्यांना डिस्को नको होतं. ३०३ चंही तेच झालं. १९८४ च्या सुमारास कंपनीनं ते बनवणं थांबवलं आणि उरलेली यंत्रं जुन्या बाजारात मातीमोल झाली. त्यातली काही अमेरिकेत शिकागोच्या कृष्णवर्णीय पोरांच्या हाती लागली. त्यांच्याकडे माहितीपुस्तिकेचं ओझं नव्हतं. त्यांनी ते डबे वाजत असतानाच त्यांच्या खुंट्या पिळायला सुरुवात केली, आणि आवाज नळाच्या चावीसारखा उघडझाप करू लागला. १९८७ साली 'फ्यूचर' या त्यांच्या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली. त्या संगीताला 'ॲसिड हाउस' नाव पडलं आणि ते पुढे इंग्लंडभर पसरलं.

मुंबईची तबकडी त्याच्या पाच वर्षं आधीची. एदो बाउमन या डच संग्राहकाला ती भारतात जुन्या तबकड्या शोधताना मिळाली. त्यांनी चरणजित सिंग यांना मुंबईत गाठलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा युरोपात अनेकांना वाटलं, की ही कुणा हुशार गोऱ्या कलाकारानं केलेली थट्टा आहे, १९८२ चा शिक्का खोटा आहे. मुंबईतल्या एका वादकाला हे आधी सुचलं असेल यापेक्षा थट्टेवर विश्वास ठेवणं त्यांना सोपं गेलं.

मग उलटी लाट आली. 'ॲसिड हाउसचा जनक भारतीय' असे मथळे झळकले. मला हेही पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती याचा काही पुरावा नाही. ज्याचा वंश चालला नाही त्याला जनक कसं म्हणायचं? आणि त्या पोरांचं श्रेय काढून आपल्या खात्यावर टाकायची आपल्याला गरज काय? चरणजित सिंग यांनी स्वतः असा काही दावा धरून ठेवलेला दिसत नाही. ते राग वाजवत होते.

एक गोष्ट मात्र दडपता येणार नाही. 'तबला बंद' हे एका माणसाच्या घरी रियाजाच्या वेळी सुचलेलं कल्पक वाक्य होतं. पुढच्या काही वर्षांत स्टुडिओंमध्ये ते व्यवहाराचं वाक्य झालं. चाळीस-पन्नास वादकांचे ताफे पातळ झाले. माझ्या ओळखीचे एक ढोलकीवादक उतारवयात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात खंजिरी हलवायला उभे राहत, कारण ढोलकी बाजूच्या पोराच्या पॅडमध्ये होती. आता त्या पॅडवाल्या पोरांच्या सुपाऱ्या डीजेच्या ट्रकनं नेल्या. यंत्रानं माणसाला काय दिलं याचा हिशेब मांडताना ती खंजिरीही धरावी लागते.

चरणजित सिंग यांना उशिरा का होईना, आपले श्रोते बघायला मिळाले. सत्तरी गाठलेले हे गृहस्थ युरोपात मंचावर बसून त्याच बनावटीच्या यंत्रांवर तेच राग वाजवत, आणि समोर नातवंडांच्या वयाची मुलं नाचत. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. तबकडी आता सहज ऐकायला मिळते. सुरुवात कलावतीपासून करा. आवाज थोडा मोठा ठेवा, म्हणजे खालचा खर्ज ऐकू येईल. छोट्या मोबाइलवर तो निम्मा गळून जातो.