वऱ्हाडच्या गाठी आणि मुंबईचा चॅनेल



कापसाच्या मेळाव्याला अध्यक्ष म्हणून तुम्ही बोलावलंत एका निवृत्त बंदर-पायलटला, आणि तेही अकोल्यात, जिथून समुद्र रात्रभराच्या गाडीइतका लांब! पण सकाळपासून एकच तक्रार कानी येते आहे. गाठी वेळेत पोचल्या, जहाज खोळंबलं. कारण विचारलं तर ‘चॅनेल मिळाला नाही’. तो चॅनेल कसा चालतो, तेवढंच सांगतो.

आपला बंदराशी संबंध जुना. खामगावचा रेल्वेफाटा 1870 साली तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीचा झाला. दोन्ही कापसाच्या ओढीनं. तेव्हा माल मुंबईच्या गोदीत जाई, आता बहुतेक न्हावाशेव्याला जातो.

मुंबई आणि न्हावाशेवा, दोन्हीकडची मोठी जहाजं एकाच मुख्य चॅनेलनं आत शिरतात. पाणी चहूकडे दिसतं, पण मोठ्या जहाजाला पुरेल इतकं खोल पाणी गाळ उपसून राखलेल्या पट्ट्यातच. आत येताना लाल बोये डाव्या हाताला, हिरवे उजव्या. (अमेरिकेत नेमकं उलट, तिथं आपला खलाशी पहिल्यांदा जातो तेव्हा जरा दचकतोच.) जहाजांची टक्कर टाळण्याच्या 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम म्हणतो, अरुंद चॅनेलमध्ये आपल्या उजव्या कडेला धरून चाला, वीस मीटरहून लहान बोटी, शिडाची होडी, मासेमारी करणारा मचवा यांनी चॅनेलमधल्या जहाजाची वाट अडवू नये. यात थोरामोठ्यांचा मान राखण्याचा प्रश्न नाही. मचवा पट्ट्याबाहेर सरकू शकतो, भरलेलं जहाज सरकलं तर चिखलात रुततं. ते थांबवायचं म्हटलं तरी किलोमीटरच्या वर पुढं जातं.

भोंग्यांचीही भाषा ठरलेली आहे. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे. पाच आखूड भोंगे म्हणजे, बाबा रे, तुझं चाललंय काय? हे पाच ऐकू आले की ब्रिजवर सगळे गप्प होतात. आणि आपल्याला वाट देणं समोरच्याचं काम असलं, तरी तो हलत नाही असं दिसल्यावर आपणच हालचाल करायची, हेही नियमातच आहे. वाट दाखवायला बंदराचा पायलट जहाजावर असला तरी कप्तानाची जबाबदारी सुटत नाही.

एवढे नियम असूनही 7 ऑगस्ट 2010ला काय झालं, ते तुमच्यातल्या जुन्या निर्यातदारांना आठवत असेल. न्हावाशेव्याहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया-3’ ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकली. चित्रा कलंडलं, सुमारे तीनशे कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं. कंटेनर कुठं तरंगतायत, कुठं बुडालेत, हे कळेपर्यंत जहाज सोडणार कोण? दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. कोळ्यांची मासळी कोणी घेईना, आणि माल भरून बसलेल्यांचे सौदे लटकले.

एरवी जहाज थांबतं ते भरतीसाठी. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. जास्त ड्राफ्टचं, म्हणजे पाण्यात खोल बसणारं जहाज त्या चढत्या पाण्याचा मुहूर्त धरूनच आत घ्यावं लागतं. मुहूर्त हुकला तर पुढच्या भरतीपर्यंत नांगर. त्यात पावसाळ्यात पायलटला दोरशिडीवरून चढणंच अवघड होतं.

तेव्हा आजच्या ठरावांत ‘जहाजं ताबडतोब आत घ्या’ असं जे कलम आहे, ते माझ्या अध्यक्षतेखाली तरी मंजूर व्हायला नको. त्याऐवजी चॅनेलमधला गाळ वेळच्या वेळी उपसला जावा, अशी मागणी करा. आणि पावसाळी सौद्यांत दोन-तीन दिवसांची सवड लिहून घ्या. ग्राहक कुरकुरेल, पण ऐकेल.